वाटेचं सांग

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय तुमच्या वयाला मागे टाकून केव्हाच पुढे गेलं. तुम्ही चाळिशीत गेलात, मी पंचावन्न ओलांडली. आज दारात उभे राहिलात तर माझ्या धाकट्या भावासारखे दिसाल, आणि तरी मी अहोजाहोच करीन, कारण जीभ वळायची नाही. पत्र लिहितेय हा खुळेपणाच म्हणा. तुम्हाला कुठे वाचता येत होतं? मुंबईहून काकांचं कार्ड आलं की पडवीत बसून ते मीच वाचून दाखवायची. काका काहीबाही लिहायचे, "दादाला एकटं बाहेर सोडू नका, आंधळ्या माणसाचा काय भरवसा," असलं. ते मी गाळायची. आणि तुम्ही लगेच मान वर करून विचारायचात, "काय गाळलंस गो?" माझा श्वास कुठे अडकला ते तुम्हाला ऐकू यायचं. मी म्हणायची, "काय नाय." तुम्ही हसायचात, आणि मग मला ते वाचावंच लागायचं.

मी रत्नागिरीत अंध मुलामुलींच्या एका संस्थेत चालायला शिकवते. हसू नका, खरंच तेवढंच काम आहे माझं, आणि त्याचा पगार मिळतो. पांढरी काठी कशी धरायची, डावं पाऊल टाकताना तिचं टोक उजवीकडे कसं टेकवायचं, एस.टी. स्टँडात फलाटाची कड कशी शोधायची, रिक्षा जवळ येतेय की लांब जातेय हे आवाजावरून कसं ओळखायचं. हे सगळं मला कुठल्या शिबिरात शिकवलं असं लोक समजतात. शिबिरात मी गेले होते, सर्टिफिकेटही आहे. पण शिकवलंत तुम्ही. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, आणि माझ्यासमोर एक छापील अहवाल पडलाय. सगळे रकाने भरून झाले, एक सोडून. त्यात विचारलंय, पर्यवेक्षकाला धोका आधी दिसला होता का? उद्या सकाळी कागद द्यायचाय. पर्यवेक्षक म्हणजे मी. अहवाल ठेवलाय तुमच्या त्या स्टुलावर, वर पाट ठेवून, कारण स्टूल अजून अर्धंच विणलेलं आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण इंजिनियर एक चष्मा घेऊन संस्थेत आला. जाड काड्यांचा, मध्ये नाकावर बारीकसा कॅमेरा, कानाशी छोटा स्पीकर, कमरेला डबी. समोर जे येईल ते ओळखून तो चष्मा मराठीत बोलतो. "समोर माणूस. उजवीकडे दुचाकी. चार पावलांवर पायरी." पोरगा बरा होता, मॅडम-मॅडम करत होता, चहात साखर कमी चालेल म्हणत होता. मी मनात म्हटलं, हे मेलं यंत्र आम्हाला काय चालायला शिकवणार! पण त्याने चष्मा मलाच घालायला लावला, आणि मी डोळे मिटून संस्थेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत गेले. वाटेत पडलेलं कुत्रं त्याने सांगितलं. विजेचा खांब सांगितला. टपरीवाल्याने बाहेर काढून ठेवलेलं बाकडं सांगितलं, जे काल तिथे नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला भर रस्त्यात रडू आलं. वाटलं, हे तुमच्या वेळी असतं तर माझी गरजच पडली नसती, आणि आज तुम्ही असतात. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," असं तो पोरगा हौसेने म्हणाला. ते तुम्ही कसं म्हणायचात ते त्याला काय ठाऊक. खुर्च्या विणायला जायचात त्या ऑफिसात कुणी विचारलं, ही कोण, की तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचात, "मी एक पण मागितला नव्हता. तरी देवानं हे दोन दिले."

तुम्हाला जेवायच्या आधीचा तो रिवाज आठवत असेल. स्वयंपाकघरात चुलीचा धूर, आई तांदळाची भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलात, ताटात सुकट वाढलेली आहे, आणि तुम्ही हात लावत नाही. "वाटेचं सांग गो." दिवसभरात वाटेवर काय बदललं ते मी सांगितल्याशिवाय पहिला घास नाही. मग मी सांगते. वरच्या घरवाल्यांनी गडगा ढासळलेला तसाच ठेवलाय. पाणंदीत फणसाची फांदी आडवी आलीय. आई करवादते, "भाकरी निवतेय, रस्ता कुठं पळून चाललाय काय?" पण तुम्ही ऐकत नाही. एकदा मी म्हटलं होतं, वाटेत दगड आहे, गाडी आहे, म्हैस आहे, तर तुम्ही म्हणालात, "समोर काय हाय ते मला काठी सांगते, बाय. समोर काय नाय ते तू सांग. कुठं पायरी नाय, कुठं कठडा नाय, कुठं जमीनच नाय. आंधळा असलेल्या वस्तूला आपटतो आणि उठतो. नसलेल्या वस्तूनं मरतो." हे वाक्य मी गेली तीस वर्षं माझ्या मुलांना शिकवतेय. तुमचं म्हणून कधी सांगितलं नाही.

वेताच्या खुर्च्यांचंही तुमचं तसंच. सरकारी ऑफिसांतून तुम्ही खुर्च्या विणत फिरायचात, आणि सुट्टीत मी वेत भिजवून द्यायला यायची. चौकटीला बोट फिरवून तुम्ही आधी भोकं मोजायचात, वेत नंतर. त्या एका मे महिन्यात आपण मोठ्या ऑफिसात गेलो होतो. साहेबांची मुलगी आली होती, तिच्या पायात पांढरे बूट होते, चालताना वाजणारे. मी त्या बुटांकडे बघत राहिले, आणि खिडकीची उघडी झडप मला सांगायची राहिली. तुमचं कपाळ तिच्यावर सणकून आपटलं. रक्त आलं. दोन कारकून हसले, ती मुलगीही हसली. आणि तुम्ही, ज्यांनी मला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती, ते सगळ्यांसमोर म्हणालात, "देवानं दोन डोळे दिलेत ते काय शोभेला? असली रांडरड नको माझ्याबरोबर. उद्यापासून घरी बस." मी रडत नव्हते तोवर, मग रडले. दुपारी गावचा एक ट्रक परत जात होता, त्यातून आपण गाडीरस्त्याने घरी आलो. तुम्ही ऑफिसातून टाकून दिलेलं एक मोडकं स्टूल मागून घेतलं होतं, ते मांडीवर धरून बसला होतात. मला विचारलंत, लागलं काय गो बोलणं? मी बोलले नाही.

संध्याकाळी आईने मला सड्यावर वासरू आणायला पाठवलं. आपला सडा तेव्हा नुसता काळा कातळ, त्यावरून एस.टी.च्या थांब्यापर्यंत पायवाट, आणि पायवाटेच्या कडेला चिऱ्याची खाण सुरू झालेली. खाण रोज सरकत होती. रोज रात्री मी तुम्हाला सांगत होते, अजून वीस पावलं लांब, अजून दहा, अजून पाच. सड्यावर तुम्ही काठी टेकत नसायचात. काखेत मारायचात आणि तळपायाने कातळ ओळखत डोळसासारखे झपाझप चालायचात. "सड्यावर मी आंधळा नाय," म्हणायचात, आणि गावात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. त्या संध्याकाळी मी गेले तर खाणीने वाट खाल्ली होती. सरळ उभा कापलेला कडा, दीड पुरुष खोल, खाली चिरे रचून ठेवलेले. मी कडेला उभी राहून एक खडा टाकला. मग वासरू घेऊन घरी आले.

पाटावर बसून तुम्ही विचारलंत, "वाटेचं सांग गो." कपाळाला आईने हळद लावली होती. मला अजून त्या कारकुनांचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "काय नाय." तुम्ही थांबलात. "काय नाय?" "काय नाय." मला वाटलं होतं, सकाळी सांगेन. एक रात्र गप्प राहून तुम्हाला शिक्षा करीन आणि सकाळी सांगेन. अकरा वर्षांच्या पोरीची अक्कल ती. पहाटेच्या गाडीला तुम्ही एकटेच निघालात.

खाणीवरची माणसं कामाला आली तेव्हा तुम्ही त्यांना सापडलात. काठी काखेतच होती. लोक जमले, हळहळले, आणि म्हणाले, कितीही झालं तरी आंधळाच तो, चुकलाच शेवटी. खाणवाल्याला कुणी काही विचारलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. आई मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "वाट चुकले हो आमचे." मी शेजारी बसून ऐकायची. आबा, तुम्ही वाट चुकला नव्हतात. बोटभरही नाही. तुम्ही वाटेवरूनच चालत होतात आणि वाट संपली होती, एवढंच. तुमच्या चालण्यावर त्या दिवशी जो डाग पडला तो माझा होता, आणि आई जाईपर्यंत मी तो तिला पुसू दिला नाही. ते मोडकं स्टूल माझ्या अंथरुणाशेजारी ठेवलेलं होतं, रात्रीत तुम्ही ओल्या वेताची अर्धी वीण घातलेलं. मला सगळी वीण येते. पुढची मी कधी घातली नाही.

आता ज्या मुलीसाठी हा अहवाल लिहायचाय तिचं सांगते. माझ्याकडे एक मुलगी शिकते, बावीस वर्षांची, बंदरावरची. बाप बोटीवर जातो, आई मासळी विकते. दोन वर्षांपूर्वी तापात तिचे डोळे गेले. तोंडाची फटकळ, माझ्यासारखी. काठीचा तिला भयंकर तिटकारा. "बाई, काठी बघितली की बाजारातल्या बायका कोलंबी मोजता मोजता अरेरे करतात. मी काय मेलेय?" तिला एका पतपेढीत फोन घ्यायचं काम मिळत होतं, अट एकच, एकटीने यायचं-जायचं. चष्मा आला आणि तिला आकाश ठेंगणं झालं. चष्मा घालून रोज संस्थेच्या आवारात फेऱ्या मारायची. रस्त्यावर चष्म्याची चाचणी घ्यायची होती, त्या दिवशी तर मला म्हणाली, काठी मी घेणारच नाही, यंत्र जर खरं असेल तर काठी कशाला? इंजिनियरचीही तशीच इच्छा होती, म्हणजे यंत्राचं खरं कळेल. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. तिची काठी घडी करून मी माझ्या काखेत धरली.

नियम असा होता की मी पाच पावलं मागे राहायचं, बोलायचं नाही, धोका दिसला तरच ओरडायचं. गुरुवारी सकाळी कॉलेजच्या रस्त्याने आम्ही निघालो. पुढे ती, मागे मी, रस्त्याच्या पलीकडून तो पोरगा मोबाइलवर चित्रण करत. ती काय सुरेख चालत होती, आबा. मान ताठ, हात मोकळे. चष्मा मलाही मागे ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगत होता, ती वळत होती. भाजीची गाडी टाळली, खांब टाळला. मग मला दिसलं. गटारावरची एक लादी काढून बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सफाईवाले ती काढून चहाला गेले असतील. कमरेएवढं खोल गटार, उघडं, आणि ती सरळ तिकडेच चाललेली. तीन पावलं होती मध्ये.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. भीतीने वाचा बसली असं मी म्हणू शकते, लोक मानतीलही. पण तसं नव्हतं. मला ऐकायचं होतं. हे यंत्र काय म्हणतं ते मला ऐकायचं होतं. त्याला राग येत नाही, त्याच्यावर कुणी चारचौघांत ओरडलेलं नाही, कुणाचे पांढरे बूट त्याला दिसत नाहीत, ते तरी सांगेल असं मला इतकं वाटत होतं की मी वाट बघत राहिले. एक पाऊल. दुसरं पाऊल. आणि चष्मा गोड बाईच्या आवाजात म्हणाला, "समोर मोकळं आहे." मग मी किंचाळले. तोवर तिचा पाय आत गेला होता.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत सळी घातलीय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण पाय थोडा ओढत. पतपेढीने जागा दुसऱ्या कुणाला दिली, त्यांचं तरी काय चुकलं. तो इंजिनियर दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, "मॅडम, उभं असलेलं सगळं त्याला ओळखता येतं. खड्डा म्हणजे त्याला रस्त्यावरची सावली वाटते." मी त्याला मारायला हवं होतं की कुशीत घ्यायला, मला कळेना. म्हटलं, असं आहे तर मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, एवढं कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याला समोर काय आहे ते सांगणारं यंत्र करायचं होतं. समोर काय नाही ते सांगायला त्याच्याकडे तुम्ही नव्हतात.

शुद्धीवर आल्यावर तिने माझा हात चाचपून धरला आणि पहिलं काय विचारावं? "बाई, तुम्हाला पण दिसलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "नाय गो." ती म्हणाली, "मग तुमचा काय दोष? माझं नशीब फुटकं." आणि हात सोडला नाही. बाहेर आले तर तो पोरगा. त्याने ऐकलं होतं. बिचारा वाईट नाही हो, बुडत्याला काडी सापडावी तसं त्याचं तोंड झालं. "मॅडम, म्हणजे तुमच्यासारख्या अनुभवी डोळ्यांनाही जर दिसलं नाही, तर तो अपघातच म्हणायचा. यंत्राचा दोष नाही धरता येणार. तेवढं अहवालात लिहाल ना?" तसं लिहिलं की चष्मा पुढे जाणार. आणखी गावांत जाणार, आणखी पोरी काठी टाकून तो डोळ्यांवर चढवणार, आणि कुठेतरी चिऱ्याच्या खाणीच्या कडेला एक गोड बाई म्हणणार, समोर मोकळं आहे. माझी एक "नाय" एवढं काम करते. पूर्वीही केलं होतं.

म्हणून आत्ता, हे लिहिता लिहिता मध्येच उठून, मी तो रकाना भरला. "होय. तीन पावलं आधी दिसलं. मी गप्प राहिले." आणि खाली लिहिलं, या यंत्राला खड्डा दिसत नाही, काठी हातात असल्याशिवाय हे कुणालाही देऊ नये. सही केली. उद्या संस्था मला ठेवणार नाही, ठेवूही नये. पण कागद द्यायच्या आधी दवाखान्यात जाऊन तिला स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. ती फटकळ आहे, मला शिव्या देईल. दिल्या तर बरं. रडली तर काय करू ते ठरवलेलं नाही. ती पुन्हा मला बाई म्हणेल की नाही, देव जाणे.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून कपाटात राहील. आणि समजा पोचलंच तुमच्यापर्यंत, तर वाचून दाखवायला मीच लागणार, आणि माझी गाळायची खोड तुम्हाला ठाऊक आहे. इथवर मी वाचून दाखवलं असतं तर तुम्ही मान वर करून विचारलंच असतंत.

तर तेही सांगते. मी आईला सांगितलं होतं की त्या पहाटे मला गाढ झोप लागली होती, आबा कधी गेले कळलंच नाही. आईला ते खरं वाटलं. तुम्ही स्टूल माझ्या उशाशी आणून ठेवलंत तेव्हा वेताचा ओला वास आला. मग दाराशी गेलात. काठी उंबऱ्याला लागली. तुम्ही थांबलात, आणि आईला जाग येऊ नये अशा आवाजात विचारलंत, "काय गाळलंस गो, बाय?" मी डोळे मिटून पडले होते. श्वास झोपलेल्या माणसासारखा लांब लांब सोडत होते, कारण तुम्ही श्वास ऐकता हे घरात फक्त मलाच ठाऊक होतं. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि निघालात. मी जागी होते, आबा.